हिराओका सर आणि खिडकीवाली गाय

शिक्षकाच्या हातात पोछा बघून स्वस्थ बसणं आमच्या घराण्यात कुणालाच जमलं नसतं, आणि मी तर घराण्यातली सगळ्यात आगाऊ. तिथूनच सगळं सुरू झालं.

मी मूळची अमरावतीची. नागपूरला व्हेटर्नरी केलं आणि एम.एस. करायला अमेरिकेत आले, ती थेट मक्याच्या शेतात येऊन पडले. नेपरव्हिलला माझी सुलूमावशी राहते. तिच्या घरापासून गाडीनं चार तास पश्चिमेला या, शेवटचा सिग्नल गेला की आणखी चाळीस मिनिटं या आणि शेणाचा वास आला की थांबा, असा आमच्या कॅम्पसचा पत्ता. चार इमारती, दोन गोठे, घोड्यांचा एक दवाखाना. तिन्ही बाजूंना मका, चौथ्या बाजूला सोयाबीन. मी आईला व्हिडिओ कॉलवर सगळं फिरवून दाखवलं, तर ती म्हणाली, हे तर आपल्या दर्यापूरकडचंच दिसतंय, एवढ्या लांब कशाला गेलीस?

पहिल्या सोमवारी दुपारी साडेचारला मी अ‍ॅनाटॉमीच्या लॅबमध्ये डोकावले. आत एक बुटका, पांढऱ्या केसांचा जपानी गृहस्थ बाह्या दुमडून फरशी पुसत होता. मी शेजारच्या मुलीला विचारलं, प्रोफेसर कुठे भेटतील? तिनं त्याच गृहस्थाकडे बोट दाखवलं आणि निवांतपणे सँडविच खात राहिली. आमच्या कॉलेजात फरशीला बबनमामा होते. सरांच्या हातून खडू पडला तरी उचलायला तीन पोरं धावायची. मी धावले. 'सर, प्लीज, गिव्ह मी' म्हणत मी पोछ्याचा दांडा धरला. त्यांनी जरा आपल्याकडे ओढला, मी जोर लावून माझ्याकडे ओढला. शेवटी त्यांनी सोडला, दोन पावलं मागे सरकले आणि मला कमरेत वाकून नमस्कार केला. मी धन्य झाले.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारावर कागद चिकटवलेला. सोमवार ते शुक्रवार, फरशी: देशमुख-सान. देशमुख म्हणजे मी, आणि 'सान' म्हणजे जपानी 'जी'. त्यांच्या जपानमधल्या कॉलेजात म्हणे लॅब आपली आपणच साफ करायची, प्रोफेसरांसकट. पण पहिल्याच दिवशी इतक्या हौसेनं पोछ्यावर झडप घालणारा विद्यार्थी त्यांनी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. हे त्यांनी सगळ्या डिपार्टमेंटला कौतुकानं सांगितलं. आता यांना कसं समजवायचं, की अहो, तो आदर होता, हौस नव्हती? सेमिस्टरभर पुसली मी फरशी. मात्र अर्धीच. उरलेली अर्धी ते स्वतः पुसायचे आणि पुसता पुसता प्रश्न विचारायचे. बैलाच्या पुढच्या पायातल्या नसा मी पुस्तकातून नाही, पोछ्याच्या दांड्याला टेकून शिकले.

त्यांचं नाव केंजिरो हिराओका. डिपार्टमेंटमध्ये सगळे त्यांना 'केन' म्हणायचे, पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा. सत्तरीला टेकलेल्या माणसाला 'हे केन' म्हणून हाक मारायला माझी काही जीभ रेटेना. मी म्हटलं, हिराओका सर. ते थबकले. म्हणाले, या देशात आल्यापासून माझ्या नावाला मागे कुणी काही लावलं नव्हतं. आणि माझ्या मृण्मयीचं सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात 'मिया' करून टाकलं होतं, त्यामुळे 'देशमुख-सान' ऐकलं की मलाही जरा पाठ ताठ झाल्यासारखी वाटायची. एकमेकांना नीट हाक मारणारे आम्ही त्या अख्ख्या कॅम्पसमध्ये दोघंच होतो. बोलायचे ते इंग्रजीच, तुटक तुटक. पण त्यांचं 'यू' मला कायम 'तू'च ऐकू यायचं.

बोलायचे तरी कुठे म्हणा! त्यांचा मुख्य शब्द म्हणजे 'हंऽऽ'. बरोबर उत्तराला छोटा हंऽऽ, चुकीच्या उत्तराला लांब हंऽऽ, आणि उत्तर इतकं चुकीचं असेल की त्याचं काही करता येणार नाही, तर डोळे मिटून हंऽऽ. याशिवाय एक मंत्र होता: आधी बघ, मग हात लाव, मग बोल. हे ते इतक्यांदा म्हणायचे, की पोरांनी त्याचे टी-शर्ट छापून घेतले. सरांनी एक विकत घेतला, इस्त्री केला आणि ग्रॅज्युएशनला कोटाच्या आत घातला.

गोठ्याच्या फाटकाशी ते बुटांचे तळवे तपासायचे. तपासायचे म्हणजे कसे? घोड्याचा खूर बघताना गुडघ्यामागे हलकेच टिचकी मारतात ना, तशी मारायचे. आपला पाय आपोआप वर यायचा, मग ते तळव्यातल्या खाचा निरखायचे आणि शेण अडकलेलं दिसलं की परत पाठवायचे धुवायला. एकदा नव्या इमारतीला मोठी देणगी देणारे एक सद्गृहस्थ गोठा बघायला आले. डीन बाजूला हसतमुखानं उभे. सरांनी आपल्या सवयीनं टिचकी मारली. त्या माणसानं निमूट पाय वर केला. डीनचा चेहरा पांढराफटक. सरांनी तळवा बघितला, छोटा हंऽऽ केला आणि पाय खाली ठेवला. देणगी मिळाली, काळजी नको.

सकाळी सात वाजता ते पार्किंग लॉटमध्ये कवायत करायचे. फोनवर पियानोची एक बालवाडीछाप धून लावायची आणि हात वर, हात खाली, उडी. बर्फ असो, वारा असो. पहिल्या हिवाळ्यात मी खिडकीतून बघून खुदखुदायची. दुसऱ्या हिवाळ्यात दुधाच्या ट्रकचा ड्रायव्हर त्यांच्याशेजारी उड्या मारायला लागला. आणि मग मीही. काय सांगू, पाठदुखी थांबली की.

त्यांचं कॉलेज जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदोमध्ये, असंच खेड्यात. फरशी पुसताना तिथल्या गोष्टी निघायच्या. हॉस्टेलच्या खिडकीपर्यंत बर्फ, पहाटे पाचला दूध काढायची पाळी, जेवायला बटाटा आणि बटाट्याबरोबर बटाटा. गावातल्या बसमध्ये व्हेटर्नरीच्या पोरांच्या आजूबाजूला कुणी बसत नसे, इतका त्यांच्या अंगाला गोठ्याचा वास. म्हणून आम्हाला नेहमी बसायला जागा मिळायची, असं ते अभिमानानं सांगायचे.

आता नेपरव्हिलच्या गणपतीचं सांगते. माझ्याच हातून झालेला गुन्हा आहे.

पहिल्याच वर्षी मी त्यांना मंडळाच्या गणपतीला घेऊन गेले. एका शाळेची जिम भाड्यानं घेतली होती. बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये चपला-बुटांचा ढीग पडलेला, आपल्याकडे असतो तसाच. सरांनी आपले बूट काढले, ढिगाकडे बघितलं आणि लांब हंऽऽ केला. मी त्यांना आत नेऊन बसवलं, मावशीशी ओळख करून दिली. आरती सुरू झाली. तिसऱ्या आरतीला वळून बघते तर खुर्ची रिकामी. मला वाटलं बाथरूमला गेले असतील.

ते कॉरिडॉरमध्ये उकिडवे बसले होते. अख्खा ढीग त्यांनी उपसला होता. दोनशे माणसांची पायताणं जोडीजोडीनं, ओळीत, तोंडं बाहेरच्या दाराकडे करून, म्हणजे निघताना माणसानं सरळ पाय घालावा आणि चालू लागावं. दिसायला काय सुंदर दिसत होतं ते! पण माणूस पडला अ‍ॅनाटॉमीचा. त्यांनी सगळं मापानुसार लावलं होतं. पुढे पोरांचं, मग बायकांचं, मग पुरुषांचं, आणि त्यातही लहानाकडून मोठ्याकडे.

आपण चपला कशा शोधतो? त्या कुठे काढल्या ते आठवून. खांबाजवळ, जोशांच्या शेजारी, पाण्याच्या नळाखाली. चपलेचा चेहरा कुणाच्या लक्षात असतो? आरती संपून लोक बाहेर आले आणि एकच गोंधळ. एकेका घराचे बूट पाच ठिकाणी. काळ्या सँडल्सची तर शंभर फुटांची ओळ. पोरं म्हणतायत 'मॉम, दीज आर नॉट माइन', काका लोक एका पायावर नाचतायत, आणि एक गृहस्थ तर भलत्याचेच बूट घालून घरी पोचले, तिथून त्यांचा फोन. सुलूमावशी कमरेवर हात ठेवून मला विचारते, कोण गं हा शहाणा? आणि शहाणा दाराशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करतोय. त्यांना वाटलं सगळे आभार मानायला जवळ येतायत.

मावशीनं त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग आत गेली आणि पाच मोदक डब्यात घालून घेऊन आली. गाडीत मला म्हणाली, वेडा आहे पण घरंदाज आहे. पुढच्या वर्षी आम्ही परत गेलो, तेव्हा लोकांनी चपला आधीच ओळीत लावून ठेवल्या होत्या. भीतीनं.

हे सगळं झालं. पण मला हिराओका सर आठवतात ते हानाकोसाठी.

हानाको म्हणजे गोठ्यातली म्हातारी गाय. तिच्या डाव्या कुशीला एक झाकण बसवलेलं होतं, डब्याला असतं तसं; सगळे त्याला खिडकीच म्हणायचे. झाकण काढून सरळ पोटात हात घालता यायचा आणि गायीच्या पोटात चारा कसा पचतो ते हाताला कळायचं. गायीला त्यानं दुखत नाही, ती आपली रवंथ करत उभी असते. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये तिला नंबर होता. हानाको हे सरांनी ठेवलेलं. जपानात प्रत्येक खेड्यात एक तरी गाय हानाको असतेच, आपल्याकडे कपिला असते तशी. पंधरा वर्षांत तिथे शिकलेल्या प्रत्येक डॉक्टरनं तिच्या पोटात हात घातलेला होता. मी रोज गोठ्यात शिरले की तिच्या कुशीला हात लावून नमस्कार करायची. अमेरिकन पोरं आधी हसली, मग परीक्षेच्या दिवशी रांगेत उभी राहून तीही करायला लागली.

आणि सरांची एक पद्धत होती. दर वर्षी पानगळीच्या दिवसांत लॅबच्या मागे एक छोटासा कार्यक्रम. आमच्या शिक्षणासाठी त्या वर्षात जी जनावरं गेली, त्यांच्यासाठी. जपानात सगळ्या व्हेटर्नरी कॉलेजांत करतात म्हणाले. एका टेबलावर गवताची पेंढी, मक्याची कणसं, उंदरांसाठी चीजचा तुकडा. सर प्रत्येकाचा नंबर मोठ्यानं वाचायचे. निम्मी पोरं डोनट्ससाठी यायची, हे सरांना माहीत होतं, म्हणून डोनट्स ते नंबर वाचून झाल्यावरच उघडायचे. मी हळदीकुंकू नेलं तेव्हा ते कुठे लावायचं विचारून त्यांनी स्वतः कणसाला लावलं. मला आमच्या घरचा पोळा आठवला आणि भर थंडीत डोळे भरून आले.

तर माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वसंतात दोन बातम्या एकदम आल्या. सर मे महिन्यात रिटायर होऊन जपानला परत जाणार. आणि हानाको म्हातारी झाली, कमिटीनं ठरवलंय, सेमिस्टर संपताना तिला इंजेक्शन देऊन शांत करायचं. कागदावर सही कुणाची? सरांची.

माझं डोकंच फिरलं. पंधरा वर्षं जिच्या पोटात हात घालून तुम्ही पोरं घडवली, तिला जाता जाता मारून जाणार? मी तडक त्यांना विचारलं, तिला ठेवता नाही का येणार कुठे? त्यांनी खिडकीबाहेर बघत एवढंच म्हटलं, हंऽऽ. हा लांब होता की छोटा, मला कळलं नाही. मी माझ्या सोयीनं ठरवलं, की बिचारे नियमाला बांधलेले आहेत, बोलता येत नाही त्यांना. आता आपणच काय ते करायचं.

मग काय, आगाऊपणाला उत्साहाची जोड. सुलूमावशीला फोन लावला. तिला दोन दिवस पुरले. मंडळातलं एक डॉक्टर जोडपं, नेपरव्हिलच्या पलीकडे पाच-सात एकर जागा, दोन घोडे आधीच पाळलेले, गाय म्हटल्यावर आनंदानं तयार. काकू मंडळींनी तर गोठ्याला नावही सुचवलं. मी डिपार्टमेंटच्या हेडबाईंकडे गेले. त्यांना कल्पना फारच आवडली. कॉलेजच्या वेबसाइटवर टाकू म्हणाल्या, येत्या नाही, त्यापुढच्या शनिवारी फोटोग्राफर बोलावू, ट्रेलर कॉलेजचाच घेऊन जा. हे सगळं मी सरांना न सांगता केलं. त्यांना निरोपाची भेट द्यायची होती ना!

गुरुवारी सकाळी मी पेढ्यांचा डबा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. पुस्तकं खोक्यांत भरलेली, भिंती रिकाम्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी पेढा दोन्ही हातांनी घेतला, सावकाश खाल्ला, बोटं रुमालाला पुसली. मग विचारलं,

"तू तिला तपासलंस?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, सर, मी तर रोज बघते तिला. रोज आधी तिला नमस्कार करते, मग कामाला लागते.

"हो. नमस्कार करतेस, ते मी बघितलंय," ते म्हणाले. "तपासत नाहीस."

ते उठले. मी पेढ्यांचा डबा हातात तसाच धरून त्यांच्यामागे गोठ्यात गेले. त्यांनी एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि म्हणाले, कर सुरू. कॉलेजच्या पहिल्या परीक्षेला फुटला नव्हता इतका घाम मला फुटला. ताप नव्हता. हृदयाचे ठोके जलद होते. नुसती उभी असताना इतके जलद का? मागच्या डाव्या पायाच्या सांध्याला हात लावला, तर गरम आणि टम्म सुजलेला. तिनं पाय झटकन उचलला, पण दुसऱ्या पायावर भार पेलवेना म्हणून लगेच खाली टेकला. सगळा वेळ ती कठड्याला अंग टेकून होती. मी समजायची, लाडात येते.

मग मी तिच्या उजव्या बाजूला गेले. झाकण डाव्या कुशीला. आम्ही सगळे, दोन वर्षं, रोज, डाव्याच बाजूला उभे राहत आलो होतो. उजव्या मांडीवर आणि फासळ्यांवर तळहाताएवढ्या तीन जखमा होत्या, उठता न आल्यामुळे पडून पडून झालेल्या. त्यांवर पांढरीशुभ्र, त्याच सकाळी बांधलेली पट्टी होती. पट्टीच्या घड्या बघूनच मला कळलं ती कुणी बांधली ते. हिला मी चार तास ट्रेलरमध्ये उभी करून नेपरव्हिलला नेणार होते. फोटो काढत.

मी तिथेच गवतावर बसले आणि रडले. सरांनी मला रडू दिलं. मग आपल्या कॉलेजची एक गोष्ट सांगितली, जी फरशी पुसताना कधी निघाली नव्हती. पहिल्या वर्षी त्यांच्याकडे एक वासरू सांभाळायला दिलं होतं. ते लंगडायला लागलं. प्रोफेसरांना कळलं तर घेऊन जातील, म्हणून तपासणीच्या वेळी सर वासराला गवतात बसवून ठेवायचे. तीन आठवडे कुणाला पत्ता लागू दिला नाही. "मला वाटायचं मी त्याला वाचवतोय," ते म्हणाले. "मी खूश होतो. दुखत त्याला होतं."

मी चिडूनच विचारलं, मग मला आधीच का नाही सांगितलंत?

त्यांनी हात लांब करून तिच्या पट्टीचं एक टोक नीट खोचलं.

"सही करून महिना झाला," ते म्हणाले. "तारीख मी दोनदा पुढे ढकलली. मला वाटलं, तुला दिसेल आणि तू म्हणशील, सर, आता पुरे. मला स्वतःला म्हणता येत नव्हतं."

दोन वर्षांत ते माझ्याशी स्वतःच्या मनातलं इतकं कधी बोलले नव्हते. मी डोळे पुसले. म्हटलं, सर, आता पुरे. उद्या सकाळी करू. इंजेक्शन मी देते.

हेडबाईंना सांगणं सोपं गेलं. त्यांनी फोटोग्राफर कॅन्सल केला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विषय संपला. सुलूमावशीला सांगणं मात्र अवघड गेलं. गाय मारणार तुम्ही? असं ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मंडळाच्या काकूंसमोर मी आता कुठल्या तोंडानं गणपतीला जाणार, हाच विचार करत मी बसले. अर्ध्या तासानं तिचा परत फोन आला. फार दुखतंय का गं तिला, तिनं विचारलं. मी म्हटलं, फार दुखतंय मावशी. ती म्हणाली, माझ्याकडून गूळ दे तिला.

नागपूरला पाच वर्षं आणि इथे दोन, पण गायीला असं इंजेक्शन मी कधी दिलेलं नव्हतं. आमच्याकडे देतंय कोण? शुक्रवारी दुपारीच मला अटलांटाजवळ अल्फारेटाला इंटरव्ह्यूसाठी जायचं होतं, तिकीट आधीच काढलेलं. सोमवारी परत आले तेव्हा सरांची खोली रिकामी होती. निरोप समारंभ नको म्हणून ते दोन दिवस आधीच निघून गेले, केकची ऑर्डर दिलेली तशीच राहिली. म्हणजे मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या शुक्रवारी सकाळी, गोठ्यात.

गूळ हानाकोनं आवडीनं खाल्ला, माझा तळहातसुद्धा चाटला. आधी झोपेचं इंजेक्शन दिलं. ती सावकाश गवतावर टेकली, कण्हली नाही. सर तिच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसले, कपाळावर हात ठेवून हळू आवाजात जपानीत काहीतरी बोलत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी मानेची शीर धरली. औषध गेलं. थोड्या वेळानं मी स्टेथोस्कोप लावून ऐकलं, घड्याळ बघितलं, पुन्हा ऐकलं. मग सरांनी आपला स्टेथोस्कोप लावला आणि डोळे मिटले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. पाच गेली असतील.

"सर," मी म्हटलं, "थांबलंय."

"माहीत आहे," ते म्हणाले.

त्यांनी स्टेथोस्कोप काढला नाही. बाहेर फाटकाशी पहिल्या वर्षाची पोरं हसत-खिदळत येत होती. सरांनी डोळे न उघडता एक बोट ओठांवर ठेवलं आणि ते ऐकत राहिले.